तळोज्याचा धडा

जून २०२५ मध्ये आणीबाणीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने महाराष्ट्र सरकारने आणीबाणीत कारावास भोगलेल्यांचे मासिक मानधन दुप्पट करण्याचा निर्णय घेतला. पुढे महिनाही लोटला नाही तोच, १० जुलै रोजी, याच सरकारने विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत संमत करून घेतले. एखाद्या संघटनेला बेकायदा ठरवावे, तिचे सभासद, तिचे मदतनीस, तिला जागा देणारे अशा सर्वांना तुरुंगाची वाट दाखवावी, हा अधिकार शासनाच्या हाती देणारे हे विधेयक होय. विधानसभेत त्याला सरळ विरोध करणारा आमदार एकच निघाला, तो म्हणजे डहाणूचे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले. आणीबाणीच्या स्मृतीने ज्यांचे कंठ नुकतेच दाटून आले होते, त्या सदस्यांनी बाके वाजवून विधेयकाचे स्वागत केले.

या दोन निर्णयांत विसंगती आहे असे अनेकांना वाटले. वस्तुतः त्यांत पूर्ण सुसंगती आहे. कालचा कैदी पूज्य मानावा आणि आजचा कैदी देशद्रोही, हे तेव्हाच शक्य होते जेव्हा नागरी स्वातंत्र्याचा इतिहास ही एक संपून गेलेली कथा म्हणून शिकवली जाते. विद्यार्थ्यांपुढे ही कथा दोन अंकांत मांडली जाते. पहिल्या अंकात खलनायक इंग्रज, दुसऱ्यात इंदिरा गांधी. १९७७ च्या मार्चमध्ये पडदा पडतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात. त्यानंतरच्या अर्धशतकात कोणते कायदे झाले, त्यांखाली कोण किती वर्षे आत राहिले, याविषयी मुलांच्या हाती काहीच पडत नाही.

हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पनवेल आणि उरण हे दोन तालुके पुरेसे आहेत. उरण तालुक्यातील चिरनेर गावी २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या माळावर पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही धारातीर्थी पडले. त्या दिवशी सरकारी बाजूचीही माणसे मेली, गावकऱ्यांवर खटले भरले गेले. तत्कालीन सरकारच्या कागदांत ती दंगल होती. आज तेथे स्मारक आहे, दरवर्षी शासकीय मानवंदना होते, शाळेची मुले रांगेने नेली जातात. दुसरे स्थळ जासई. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या योग्य मोबदल्याकरिता दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, तेव्हा १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत स्वतंत्र भारताच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी ठार झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या लढ्यातून आले. आज त्या भूखंडांवर उभ्या असलेल्या इमारतींत राहणाऱ्या किती मुलांना ही पाच माणसे ठाऊक आहेत? आगरी-कोळी घरांत त्यांची आठवण जिवंत आहे, ती घरांनी राखली म्हणून. त्याचे श्रेय शाळेला देता येत नाही.

तिसरे स्थळ तळोजा. रासायनिक कारखान्यांच्या चिमण्या, कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडलेली कासाडी नदी, सिडकोच्या वसाहती, नोव्हेंबर २०२३ पासून पेंधरपर्यंत धावणारी मेट्रो आणि या सगळ्याच्या कडेला मध्यवर्ती कारागृह. नव्या वसाहतींतील मुले याच परिसरातून शाळा-महाविद्यालयांत ये-जा करतात. त्या भिंतीआड गेल्या काही वर्षांत कोण राहिले, हे त्यांच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. चिरनेरच्या मृतांना हुतात्मा म्हणण्यास परका अंमल संपावा लागला. तळोज्याविषयी नुसते बोलण्यासाठी काय संपावे लागणार आहे?

लोकमान्य टिळकांचा १९०८ चा खटला महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. तो शिकवावाच, पण पूर्ण शिकवावा. ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना २४ जूनला अटक झाली. त्यांच्या वतीने बॅरिस्टर जिना यांनी जामीन मागितला, तो न्यायमूर्ती दावर यांनी नाकारला. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांचे वकील होते आणि तेव्हा त्यांनीच टिळकांसाठी जामीन मागितला होता! तो त्या वेळी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला. १३ जुलैला खटला उभा राहिला, २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. न्याय अन्यायकारक होता, पंच पक्षपाती होते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून त्या निकालाला आपले उत्तर दिले. तरीही एक गोष्ट उरतेच. अटकेपासून निकालापर्यंत अवघे चार आठवडे लागले. मंडालेस जाणाऱ्या कैद्याला आपण कोणत्या गुन्ह्यासाठी आणि किती वर्षांसाठी जातो हे माहीत होते. तेथे त्याला ग्रंथ मिळाले. कागदाची पाने मोजून मिळत, शाईऐवजी शिसपेन्सिल मिळे, पण ‘गीतारहस्य’ लिहून झाले.

याच्या शेजारी तळोज्याची हकीकत ठेवून पाहावी. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा-कोरेगाव येथे, द्विशताब्दीच्या अभिवादनासाठी जमलेल्या दलित समाजावर हल्ले झाले. ६ जून २०१८ रोजी सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन, महेश राऊत आणि रोना विल्सन यांना अटक झाली. ऑगस्टमध्ये दुसरी फेरी झाली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने प्रकरण हाती घेतल्यावर आणखी. एकूण सोळा जण. कवी, वकील, प्राध्यापक, कामगार संघटक, शाहीर, पाद्री. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दिवशी, तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा सर्वांना लावला गेला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ढवळे आणि विल्सन यांना जामीन दिला, तेव्हा त्यांच्या कारावासाला साडेसहा वर्षे झाली होती. आरोपनिश्चिती झालेली नव्हती. साक्षीदारांची संख्या तीनशेच्या वर होती. मधल्या काळात दोन पंतप्रधानपदाच्या शपथा झाल्या, एक महामारी येऊन गेली, खटला मात्र उभा राहिला नाही.

इंदिरा गांधींची आणीबाणी एकवीस महिने चालली. त्या काळातील ‘मिसा’बंदीचे क्रौर्य कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु आकड्यांना आपली भाषा असते. ज्या राजवटीला हुकूमशाही म्हटले गेले, तिच्या संपूर्ण आयुष्याच्या तिपटीहून अधिक काळ ही माणसे गुन्हा सिद्ध झाल्याविना कोठडीत राहिली आणि त्यासाठी आणीबाणी पुकारावी लागली नाही, वृत्तपत्रांना टाळे ठोकावे लागले नाही, संसद बरखास्त करावी लागली नाही.

हे कसे घडते ते विद्यार्थ्याला उलगडून सांगणे अवघड नाही. १९६७ चा हा कायदा मूळचा संघटनांवर बंदी घालण्यापुरता होता. २००४ मध्ये ‘पोटा’ रद्द झाला आणि त्यातील दहशतवादविषयक तरतुदी त्याच वेळी या कायद्यात आणून बसवल्या गेल्या. मुंबईवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, त्यात जामिनाचे ४३-ड हे कलम घातले गेले. पोलिसांनी सादर केलेले कागद वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर न्यायालयाने जामीन देऊ नये, असे ते सांगते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वटाली प्रकरणात आणखी म्हटले की, या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करू नये. आरोपपत्रासाठी नव्वद दिवसांऐवजी एकशे ऐंशी दिवस घेण्याची सोय आहेच. या तीन गोष्टी एकत्र आल्या की शिक्षा देण्याची गरजच राहत नाही. खटल्याची प्रतीक्षा हीच शिक्षा होते आणि टिळकांच्या शिक्षेला जो शेवट होता तो या शिक्षेला नसतो. देशातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत. त्यांतील बहुतेक दलित, आदिवासी, मुसलमान, गरीब. त्यांच्यासाठी लेख लिहिणारेही कोणी नसते.

फादर स्टॅन स्वामी हे काम करीत होते. झारखंडमध्ये नक्षलवादी म्हणून पकडलेल्या आदिवासी तरुणांची त्यांनी पाहणी केली, कच्च्या कैद्यांच्या सुटकेसाठी तेथील उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीजवळच्या ‘बगईचा’तून त्यांना उचलून आणले गेले, तेव्हा वय त्र्याऐंशी होते आणि कंपवाताने हात थरथरत होते. पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येईना. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी न्यायालयाकडे नळीचा पेला मागितला. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवसांची मुदत घेतली. २६ नोव्हेंबर रोजी तिने सांगितले की, असा पेला आम्ही जप्त केलेलाच नाही. ती तारीख संविधान दिनाची होती, हा योगायोग कोणाच्या लक्षातही आला नसावा. पुढे जनक्षोभ झाल्यावर कारागृहाने पेला दिला. मे २०२१ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाला दूरदृश्य प्रणालीवरून सांगितले की, आपण तळोज्यास आलो तेव्हा शरीर चालत होते, आता स्वतःच्या हाताने जेवताही येत नाही. सरकारी रुग्णालय नको, आपल्या माणसांत जाऊ द्या. अखेर न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी त्यांच्या जामीन अर्जाची सुनावणी असता वकिलांनी न्यायमूर्तींना सांगितले की, अर्जदार त्या दिवशी दुपारी मरण पावला आहे.

जुन्या समाजवादी कार्यकर्त्यांना या ठिकाणी स्नेहलता रेड्डी आठवल्यावाचून राहणार नाहीत. बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या निमित्ताने बंगळूरच्या तुरुंगात डांबलेली ही समाजवादी अभिनेत्री दम्याने तडफडत होती. मरणासन्न झाल्यावर तिला पॅरोलवर सोडले आणि २० जानेवारी १९७७ रोजी ती गेली. ती आपली होती, म्हणून तिचे नाव शिबिरांत घेतले जाते. स्टॅन स्वामींचे नाव किती शिबिरांत घेतले गेले?

तळोज्याच्या प्रशासनाची आणखी दोन कृत्ये नोंदवून ठेवण्याजोगी आहेत. गौतम नवलखांचा चष्मा चोरीस गेला आणि घरच्यांनी पाठवलेला नवा चष्मा कारागृहाने परत केला, हे डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयापुढे आले. तुरुंगाधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्याची वेळ आली आहे, असे तेव्हा न्यायमूर्तींना म्हणावे लागले. पुढे त्याच कैद्याला पी. जी. वुडहाउस या विनोदी इंग्रज लेखकाचे पुस्तक सुरक्षेच्या कारणास्तव नाकारले गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने हा प्रकार हास्यास्पद ठरवला. मंडालेच्या इंग्रज अधिकाऱ्याने टिळकांचे ग्रंथ तपासून आत सोडले होते. तो निदान वाचत असे.

येथे एक आक्षेप पुढे येईल आणि तो आपल्याच गोटातून येईल. यांतील काही जण ज्या विचारांचे म्हणून सांगितले जातात तो सशस्त्र क्रांतीचा विचार लोकशाही समाजवादाला मुळातच मान्य नाही. मग त्यांची वकिली समाजवाद्यांनी का करावी? आक्षेप प्रामाणिक आहे, उत्तर मात्र जुनेच आहे. मुजफ्फरपूरजवळच्या मुसहरीत सर्वोदय कार्यकर्त्यांना नक्षलवाद्यांनी धमक्या दिल्या, तेव्हा १९७० मध्ये जयप्रकाश तेथे जाऊन राहिले. बंदुकीला बंदुकीने उत्तर द्या असे त्यांनी म्हटले नाही, गावातला अन्याय पाहा असे म्हटले. सासवडचे वि. म. तारकुंडे रॉयवादी, हिंसक क्रांतीशी त्यांचे काडीचे नाते नव्हते. परंतु आणीबाणी संपताच आंध्रात चकमकीच्या नावाखाली मारल्या गेलेल्या नक्षलवाद्यांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनीच घेतले. गुन्हा केला असेल तर पुरावा मांडा, खटला चालवा, शिक्षा द्या, एवढीच ती मागणी होती. तळोज्यातील कैद्यांनी यापेक्षा अधिक काही मागितलेले नाही. तेलतुंबडे यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि व्हर्नन गोन्सालविस व अरुण फरेरा यांना जुलै २०२३ मध्ये जामीन देताना वरिष्ठ न्यायालयांनी जे प्रथमदर्शनी मत नोंदवले ते वाचावे. दहशतवादी कृत्याचा आधारच त्या कागदांत त्यांना सापडला नाही.

समाजवाद्यांनी आपल्या घराचीही झडती घेतली पाहिजे. जनता सरकारने ‘मिसा’ रद्द केला, ४४ वी घटनादुरुस्ती केली, जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. जबलपूर प्रकरणात २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी जे गमावले आणि एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी जे राखले, त्याची ही दुरुस्ती होती. या कामगिरीचा अभिमान रास्त आहे. पण त्याच घटनादुरुस्तीचे तिसरे कलम प्रतिबंधक स्थानबद्धतेला आवर घालणारे होते. विनाचौकशी कोठडीची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणे, सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमणे या गोष्टी त्यात होत्या. ते कलम अमलात आणण्यासाठी केवळ एक अधिसूचना हवी होती. जनता सरकारने ती काढली नाही. त्यानंतरच्या कोणत्याही सरकारने काढली नाही आणि त्यांतील काहींत समाजवादी मंत्री होते. हातातल्या बेड्या उंचावून आणीबाणीला आव्हान देणाऱ्या जॉर्ज फर्नांडिसांचे छायाचित्र आजही कार्यालयांच्या भिंतींवर आहे. मार्च २००२ मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनात ‘पोटा’ मंजूर झाला तेव्हा ते संरक्षणमंत्री होते. हे छायाचित्र उतरवण्याचे कारण नाही. त्याच्याखाली ही ओळही लिहावी, इतकेच.

पाठ्यपुस्तकांची स्थिती याहून वेगळी नाही. एनसीईआरटीने २००७ च्या सुमारास बारावीसाठी स्वातंत्र्योत्तर राजकारणाचे जे पुस्तक काढले, त्याचे मुख्य सल्लागार पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव होते. त्यात आणीबाणीवर सविस्तर प्रकरण होते आणि लोकचळवळींवर स्वतंत्र प्रकरण होते. चिपको, दलित पँथर, नर्मदा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला शासनाशी भांडलेली माणसे शासनाच्याच पुस्तकात भेटत होती. २०२२ मध्ये अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली चळवळींचे प्रकरण समूळ गाळले गेले, आणीबाणीच्या प्रकरणावरही कात्री चालली. जून २०२३ मध्ये पळशीकर-यादव यांनी पुस्तकावरील आपली नावे काढून टाकण्याची मागणी केली. त्यानंतर वर्षभराने, जुलै २०२४ मध्ये, केंद्र सरकारने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला. पुस्तकातली पाने कमी झाली आणि दिनदर्शिकेत एक दिवस वाढला. दिवस साजरा करणे सोपे असते, त्यासाठी वाचावे लागत नाही.

शासन पुस्तक बदलेल याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. सेवादलाच्या शाखा, युवक शिबिरे, कामगार वस्तीतील अभ्यासवर्ग हे आपल्या हाती आहेत. पण तेथेही आणीबाणीचा वर्ग म्हणजे बहुधा तुरुंगातील आठवणींची मैफल होते. येरवड्याच्या बराकीत कोण कोणाशी काय वाद घालीत होते, नाशिकच्या तुरुंगात कोणी काय शिजवले! त्या आठवणी मोलाच्या आहेत, पण त्या ऐकणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीला त्यांतून आजच्या कायद्याचे एक कलमही कळत नाही. तिच्यापुढे कागद ठेवावेत. न्यायमूर्ती खन्नांचे भिन्नमत, नळीच्या पेल्यासाठी केलेला अर्ज, ढवळे-विल्सन यांचा जामीन आदेश, जनसुरक्षा विधेयकाचा मसुदा. ते तिने स्वतः वाचावेत, प्रतिकूल प्रश्न विचारावेत, तपास यंत्रणेची बाजूही मांडून पाहावी. चिरनेरला अभिवादनास जाणाऱ्या रायगडच्या कार्यकर्त्यांनी तोच वर्ग पुढे जासईला आणि मग तळोज्याला न्यावा. अंतर काही तासांचे आहे.

तळोज्यात या काळात एक विद्यार्थीही होता. गडचिरोलीत ग्रामसभा आणि वनहक्कांचे काम केलेल्या महेश राऊत यांनी कारागृहात राहून विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ विधी महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळावा यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. उच्च न्यायालयाने त्यांना त्याआधी वर्षभर, सप्टेंबर २०२३ मध्येच, जामीन मंजूर केला होता. त्या जामिनाला स्थगिती मिळाली आणि ती टिकली. प्रवेश झाल्यानंतरही एक वर्ष, सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजारपणासाठी तात्पुरता जामीन देईपर्यंत, महाविद्यालयाच्या हजेरीपटावर नाव असलेला हा विद्यार्थी तळोज्याच्या बराकीत होता.